लांजेवारांच्या नावावरची खाट

आमच्या शेडमधून वस्तू बाहेर जाते तेव्हा एकटीच जाते, आणि परत येते तेव्हा एखादा किस्सा सोबत घेऊन येते. वॉकर, कुबड्या, व्हीलचेअर, हवेची गादी, डोक्याकडून वर होणारी लोखंडी खाट. इतक्या वर्षांत इतक्या वस्तू गेल्या आणि आल्या, की आता किस्से ठेवायला जागा उरली नाही! वस्तू तरी भिंतीला टेकवून ठेवता येतात. किस्स्यांचं काय करायचं? सांगत सुटायचं, दुसरं काय!

आधी ओळख करून देतो. भिलाईच्या वैशाली नगरात माझ्या घराला लागून एक पत्र्याचं शेड आहे. मी भोयर, स्टील प्लांटमधला रिटायर्ड वेल्डर. माझ्यासोबत बसतात लांजेवारभाऊ, प्लांटमध्येच फोरमन होते. आणि सुजाताताई मेश्राम, ज्यांनी दुर्ग स्टेशनवर आयुष्यभर गाड्यांच्या अनाउन्समेंट केल्या. घरी कुणी आजारी असेल त्याने यावं, लागेल ती वस्तू न्यावी, काम झालं की आणून द्यावी. भाडं नाही, डिपॉझिट नाही. पैसा आमच्याकडे कधी नव्हताच. होतं ते लांजेवारभाऊंचं नाव, ताईंचा आवाज, माझं वेल्डिंग आणि तिघांचा रिकामा वेळ. यातला वेळ सोडला तर बाकी कशाचीच खात्री देता येत नाही, हे पुढे कळेलच.

*

आमच्या मंडळाला एक लांबलचक नाव आहे. ते मलाही धड पाठ नाही. लोक आम्हाला 'खाटवाले' म्हणतात, आणि आम्हीही फोनवर तेच सांगतो.

गोंदियाला भाचीच्या लग्नात माझ्या मेहुण्याने व्याह्यांशी माझी ओळख करून दिली, "हे आमचे भिलाईचे भाऊजी. खाटवाले! तिकडे लई नाव आहे याईचं."

व्याही एकदम सरसावून बसले. म्हणाले, "डबल बेड ठेवता का? सागवानी?"

मी म्हटलं, "नाही जी, आमच्याकडे एकट्यापुरतीच खाट. आणि कोनावर ते न्यायची पाळी येऊ नये, हेच आमी देवाजवळ मागतो."

व्याही होते तसे मागे टेकले. मग मेहुण्याच्या कानाशी लागून, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "गिऱ्हाईक येऊ नये म्हनते! मंग धंदा कसा वाढन याचा?"

*

आता आमची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

प्लांटमध्ये मोठं मशीन दुरुस्त करायचं असलं की माणूस आत शिरण्याआधी स्विचवर आपल्या नावाचा पत्रा टांगतो. तो पत्रा लटकत असेपर्यंत कितीही मोठा साहेब आला तरी स्विच चालू करता येत नाही, कारण आत कुणाचा तरी जीव असतो. आणि पत्रा काढायचा तो ज्याचं नाव असेल त्यानेच, स्वतःच्या हाताने. लांजेवारभाऊंनी ही पद्धत जशीच्या तशी शेडमध्ये आणली. वस्तू न्यायला येणाऱ्याने आपल्याला ओळखणारा एक माणूस सोबत आणायचा. त्याचं नाव खडूने पत्र्यावर लिहायचं आणि पत्रा त्या वस्तूच्या नंबरच्या खिळ्याला टांगायचा. वस्तू परत आली की त्यानेच येऊन काढायचा. बस. एवढीच आमची सिक्युरिटी!

एकदा एक रिटायर्ड साहेब आले. मिसेसचं कमरेचं ऑपरेशन झालेलं, व्हीलचेअर हवी होती.

लांजेवारभाऊंनी खडू हातात घेऊन विचारलं, "किसके नाम पे लिखूँ, साहब?"

"मेरे ही नाम पे लिखो. मैं पूरे डिपार्टमेंट का हेड था!"

"अपना नाम अपने लिए नहीं चलता साहब. किसी दूसरे का लाइए."

साहेब लालबुंद झाले. पण मिसेस घरी अडकलेल्या, करतात काय? गल्लीत गेले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मी खिडकीतून बघत होतो. साहेब या फाटकाशी थांबत, त्या फाटकाशी थांबत, आणि कुणाचं नाव माहीत नसल्यामुळे पुढे जात. सगळी नोकरी गाडीच्या काचा वर करून झालेली, शेजारी कोण राहतं हे कळणार कसं? शेवटी ते नाक्यावर इस्त्री करणाऱ्या प्रेसवाल्याला घेऊन आले.

प्रेसवाला म्हणाला, "साहब को मैं जानता हूँ जी. कपड़ों की जेब में चश्मा, पेन, चाबी, सब छोड़ देते हैं. मैं लौटाता हूँ तो कभी नहीं पूछा, और क्या था."

लांजेवारभाऊंनी त्याचं नाव लिहिलं आणि व्हीलचेअर दिली.

दोन महिन्यांनी ती परत आली. प्रेसवाला स्वतः कडक इस्त्रीचा शर्ट घालून पत्रा काढायला हजर! मागे साहेब हात बांधून उभे. पत्रा खाली आला तसे साहेब हसून म्हणाले, "अब मोहल्ले में सब मुझे पहचानते हैं. कहते हैं, वो देखो, प्रेसवाले का आदमी जा रहा है!"

*

आमचा दुसरा नियम चहाचा. वस्तू परत आली की आम्ही काही विचारत नाही. आधी स्टोव्ह पेटतो, अद्रक कुटलं जातं, चहा होतो. पत्रा ज्याच्या नावाचा, पहिला कप त्याचा. हा नियम माझ्या एका मूर्खपणामुळे आला.

खाट परत येते ती बहुतेक वेळा खाटेवरचा माणूस गेला म्हणूनच येते. हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं, की एका सकाळी टेम्पोतून खाट उतरताना दिसली आणि माझा चेहरा आपोआप पडला. पद्मनाभपूरच्या कुणा वानखेडेंसाठी दिलेली खाट होती. खाटेसोबत एक बारीकसे गृहस्थ उतरले. मी पुढे झालो, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हटलं, "फार वाईट झालं जी. पण सुटले म्हना. कधी गेले वानखेडेभाऊ?"

त्यांनी हात सोडवून घेतले. म्हणाले, "कोन गेलं? मीच तं आलो न खाट घेऊन!"

मागून ताईंचा हसण्याचा आवाज आला. लांजेवारभाऊ मात्र उठले आणि वानखेडेंना खुर्ची दिली. मला म्हणाले, "भोयर, तू आजपासून तोंड उघडू नको. चहा ठेव."

वानखेडे तेव्हापासून दर मंगळवारी येतात. दारातूनच ओरडतात, "भोयर! हजेरी लाव बापा, मी हाओ अजून!"

*

माझ्या वेल्डिंगबद्दलही सांगून टाकतो. नाहीतर ताई सांगतील.

प्लांटमध्ये आम्ही जे जोडलं ते हजारो टनांच्या खाली उभं राहणारं. हात तसाच घडलेला! एका वॉकरचा पाय निखळला होता. मी म्हटलं, दुकानाची अॅल्युमिनियमची नळी काय कामाची, जरा मजबूत करू. मग चांगला लोखंडी पाइप लावला, आडवे दोन अँगल दिले, कोपऱ्यात गसेटचे तिकोनी तुकडे मारले, आणि वर क्रेनला लावतात तो पिवळा रंग. दोन दिवस राबलो. असा वॉकर अख्ख्या छत्तीसगडमध्ये नसेल!

ताईंनी एका हाताने उचलून बघितला. मग दोन हातांनी. मग खाली ठेवून म्हणाल्या, "भाऊ, हे उचलाले पेशंट पाहिजे का क्रेन?"

तरी तो मी एका म्हाताऱ्या मावशींना दिला. महिना गेला, दोन गेले, वॉकर काही येईना. शेवटी मी घरी गेलो. मावशी अंगणात काहीही न धरता ठणठणीत चालत होत्या! वॉकर उन्हात उभा होता आणि त्यावर दोन गाद्या वाळत घातलेल्या.

मी म्हटलं, "मावशी, फायदा झाला म्हना वॉकरचा!"

"झाला न! रोज गाद्या टाकाले हे ढकलत ढकलत अंगनात आनलं, त्यानंच पाय मोकळे झाले माये. आता नेऊ नको रे बापा. असं मजबूत स्टँड कुठी भेटते?"

*

आता त्या सात नंबरच्या खिळ्याबद्दल सांगायलाच हवं.

एका दुपारी धमधा रोडकडच्या एका गावातून मनहरण नावाचा माणूस आला. वडील अर्धांगाने जमिनीवर पडून होते, खाट हवी होती. ताईंनी विचारलं, कुणाच्या नावावर लिहायची? तो म्हणाला, "यहाँ तो मैं किसी को नहीं जानता, दीदी."

आम्ही नियम सांगितला. त्याने हुज्जत घातली नाही, हातापाया पडला नाही. शेडच्या पायरीवर बसून राहिला. तेवढ्यात कुणी व्हीलचेअर परत घेऊन आलं, ती त्याने न सांगता रिक्षातून उतरवली आणि चाकांचा चिखल आपल्या गमछ्याने पुसला. मग परत पायरीवर बसला. दोन तास झाले असतील. लांजेवारभाऊ उठले, कोरा पत्रा घेतला आणि खडूने लिहिलं, लांजेवार.

ताई म्हणाल्या, "भाऊ, तुमी ओळखता का याले?"

"ओळखतो न."

"कधीपासून?"

"दोन तासापासून."

सात नंबरची खाट गेली. चांगली खाट होती. डोक्याकडचा भाग मीच जोडलेला, वर तोच पिवळा रंग. सहा महिने झाले, मनहरणचा फोन बंद लागायला लागला. एका रविवारी आम्ही तिघंही गावात जाऊन आलो. घराला कुलूप. शेजारच्या बाईने सांगितलं, "सियान तो बीत गे. बेटा कमाए-खाए बर चल दिस." म्हणजे म्हातारा गेला आणि मुलगा पोट भरायला परमुलखात निघून गेला. आणि खाट? बाईने हात हलवले. कुणी तरी घेऊन गेलं.

 दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आल्यावर लांजेवारभाऊ म्हणाले, "सात नंबर परत येईपर्यंत माझ्या नावावर कोनाले काही द्यायचं नाही. ज्या नावाची वस्तू परत येत नाही, ते नाव चालवाचं नसते."

हे ऐकून मी भिंतीवरचे पत्रे मोजायलाच लागलो. कारण आमचे निम्मे पत्रे त्यांच्याच नावाचे असायचे! अर्धी भिलाई आम्हाला 'लांजेवार को बोलो' म्हणूनच ओळखायची. आता लोक यायचे, लांजेवारांचं नाव घ्यायचे, आणि लांजेवार समोर बसून सांगायचे, "वो नाम बंद है. दूसरा लाओ." काही दुसरं आणायचे. काही गेले ते परत आलेच नाहीत.

ताईंनी समजावून पाहिलं. "भाऊ, मी नवी खाट मिळवीन कोनाकडून. पत्रा काढून टाका न."

"पत्रा खाटीचा नाही ताई. जबानीचा आहे."

पुढे पुढे ते शेडमध्ये उशिरा यायला लागले. 'तुमी दोघं चालवा आता' असं म्हणायला लागले. मला भीती वाटायची की एक दिवस हा माणूस यायचाच थांबेल, आणि मग आम्ही नुसती भंगाराची राखण करत बसू. ताई मात्र टोमणे मारायच्या. सातव्या खिळ्याकडे बघून म्हणायच्या, "दोन तासाची ओळख भाऊ, दोन वर्षं पुरवून राहिले तुमी!" ते हसायचे नाहीत. ताईही खरं तर हसवायलाच म्हणत, पण माणूस हसेना.

*

त्याच काळात एका नेत्यांनी आम्हाला पाच नव्या व्हीलचेअर दिल्या. प्रत्येकीच्या पाठीवर त्यांचा हात जोडलेला मोठ्ठा फोटो छापलेला! ताईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "पेशंट बसल्यावर दिसन कोनाले हे?"

नेत्यांचे पीए लांजेवारभाऊंना फोटोला बोलवायला आले. "आप साथ खड़े हो जाइए. आपका नाम है शहर में." लांजेवारभाऊंनी भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "मेरा नाम अभी टँगा हुआ है. उतरेगा तब आऊँगा." पीए खिळ्याकडे बघून न समजताच निघून गेले.

पहिली खुर्ची एका छत्तीसगढी आजीला गेली. आजीने खुर्ची बघितली, पाठीवरचा फोटो बघितला आणि पदर ओढून उभीच राहिली. सुनेने, मुलाने, सगळ्यांनी सांगून पाहिलं. आजी म्हणाली, "पर-मरद के फोटू म पीठ कइसे टेकहूं?"

परपुरुषाच्या फोटोला पाठ टेकायची कशी, बरोबरच होतं! ताईंनी त्याच संध्याकाळी जुन्या चादरी काढल्या आणि पाचही खुर्च्यांच्या पाठीला फुलाफुलांच्या खोळी शिवल्या. पुढे नेते एकदा स्वतः भेट द्यायला आले. खुर्च्या फिरून फिरून बघितल्या आणि विचारलं, "हमारा फोटो कहाँ गया?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "अंदर है साहब. लोग इतना इस्तेमाल करते हैं, घिस जाता. इसलिए ढँक के रखा है."

नेते इतके खूश झाले, की आणखी दोन खुर्च्या पाठवल्या. फोटोसकट!

*

नंदिनी नगरला, चुनखडीच्या खाणीच्या टाउनशिपमध्ये, आम्ही वॉकर आणि कुबड्या मापाने देण्याचा कॅम्प लावला होता. गर्दी ही एवढी, आणि ऐन वेळी माइक बंद! मी ओरडून पाहिलं, घसा बसला. लोक एकमेकांना ढकलत होते, एक म्हातारी पडता पडता वाचली.

ताई स्टुलावर चढल्या. त्यांना काय सुचलं देव जाणे, सवयच ती! कानाला हात लावून, डोळे मिटून त्यांनी सुरू केलं, "यात्रीगण कृपया ध्यान दें!"

सगळं मैदान चिडीचूप. माइकबिइक काही नाही, तरी मागच्या झाडाखालच्या माणसापर्यंत शब्द न् शब्द पोचत होता. "वॉकर लेनेवाले यात्री बाईं ओर की लाइन में आएँ. बैसाखी लेनेवाले यात्री दाहिनी ओर आएँ. जल्दबाज़ी न करें!"

लोकांनी मुकाट्याने आपापल्या पिशव्या उचलल्या आणि दोन ओळी केल्या. फक्त एक आजोबा, जे सकाळपासून दोघांच्या खांद्यावर आलेले, ते पिशवी काखेत मारून गेटाकडे धावत सुटले! मागून सून ओरडतेय, "बाबूजी, रुकव! टेसन नोहे ए!"

त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी लांजेवारभाऊ मोठ्याने हसले. म्हणाले, "ताई, त्याईचा वॉकर कॅन्सल करा. इलाज झाला!"

मग ताई स्टुलावरून उतरेनात. मला कळलं त्यांच्या मनात काय आहे ते. एवढं आसपासच्या गावांचं माणूस जमलेलं, शांत बसलेलं. 'एक पिवळी खाट हरवली आहे' एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि खालून लांजेवारभाऊंनी हात वर केला.

"नाही ताई. मनहरणचं नाव चोरात जमा होईन. मले नाही पाहिजे तशी खाट."

ताई खाली उतरल्या. 

*

आणि आता शेवटचा. हा सांगताना मी नेहमी जरा थांबतो.

कॅम्पनंतर दोनेक आठवड्यांनी, सकाळी दहाच्या सुमाराला, पन्नाशीचा एक माणूस सायकलवरून शेडशी आला. लांजेवारभाऊ खाली बसून एका व्हीलचेअरच्या चाकाला ग्रीस लावत होते. मी नट पिळत होतो. ताई खुर्चीत बसल्या होत्या. माणसाने सायकल लावली, घाम पुसला आणि ताईंकडे बघून म्हणाला, "मैडम, नंदिनी में रेलवे जैसा आप ही बोल रही थीं न? किसी ने बताया, आप लोग वैशाली नगर के खटियावाले हैं."

"हो. बोलिए."

"एक आदमी के बारे में पूछना था. लांजेवार करके कोई है. जानते हैं क्या?"

चाक फिरायचं थांबलं. लांजेवारभाऊंनी मान वर केली नाही.

ताई म्हणाल्या, "क्यों, क्या काम है?"

"हमारे पास उसकी एक खटिया है. पीली वाली. सिरहाने पे मोटा-मोटा वेल्डिंग है, देखने में भद्दा, पर टूटता नहीं."

मी नट जरा जास्तच जोरात पिळला. बोलण्याची वेळ नव्हती.

माणूस सांगत गेला. मनहरणचे वडील गेले आणि त्याला कामाला बाहेर जायचं होतं. त्याच दिवशी बाजूच्या गावात एक बाई पायऱ्यांवरून पडली. मनहरणने खाट तिथे पोचवली आणि सांगून गेला, 'ये लांजेवार के नाम की है. मैं लौटूँगा तो खुद पहुँचाऊँगा, तब तक खाली मत रखना. जिसको लगे, उसको देना.' तिथून ती तिसऱ्या घरी गेली, चौथ्या घरी गेली. प्रत्येक घरी मनहरणने सांगितल्याप्रमाणे एक पत्र्याचा तुकडा टांगलेला, आणि त्यावर एकच नाव.

"छठवाँ घर मेरा है. अम्मा उसी पे ठीक हुई, अब चलती-फिरती है. खटिया आगे एक जन को देनी है, पर वो अड़ गया. बोलता है, ये लांजेवार को तुम लोगों में से किसी ने देखा है क्या? अब हममें से तो किसी ने नहीं देखा! बोलता है, पहले पूछ के आओ, आदमी कैसा है, भरोसे का है कि नहीं. तब खटिया घर में रखूँगा." तो जरा पुढे वाकला. "इसलिए आया हूँ, मैडम. आदमी कैसा है?"

लांजेवारभाऊंनी आता वर बघितलं. तोंड उघडलं आणि परत मिटलं. आपलं नाव आपल्यासाठी चालत नाही, हा नियम त्यांचाच. त्यांनी ताईंकडे बघितलं, आणि मला एकदम ते साहेब आठवले, फाटकाफाटकाशी थांबणारे.

ताईंनी त्यांच्याकडे नजर टाकलीसुद्धा नाही. म्हणाल्या, "देखा है मैंने उसको. बहुत खडूस आदमी है. किसी की सुनता नहीं. दो साल से मुँह फुला के बैठा है."

माणूस काळजीत पडला. "तो फिर, मना कर दूँ?"

"ना! उसके नाम पे आँख मूँद के दे दो."

"कौन बोला, पूछेगा तो किसका नाम बताऊँ?"

ताई उठल्या. फळीवरून एक कोरा पत्रा काढला, खडू घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, सुजाता मेश्राम. त्याच्या हातात देत म्हणाल्या, "ये टाँग देना. लांजेवार के बाजू में."

मग त्यांनी स्टोव्ह पेटवला. अद्रक कुटलं. मी आणि लांजेवारभाऊ बघत होतो. चहा उकळला, ताईंनी चार कप भरले, आणि पहिला कप घेऊन त्या सरळ लांजेवारभाऊंसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

लांजेवारभाऊंचे दोन्ही हात ग्रीसने भरलेले. ते सातव्या खिळ्याकडे बघत हळूच म्हणाले, "पन ताई, खाट तं आलीच नाही अजून."

ताई म्हणाल्या, "कप धरा, भाऊ."